मोरीच्या पाण्यावर परसबाग

नंदुरबार जिल्ह्यात जुलै ते डिसेंबर भाजी पिकवायला फारशी अक्कल लागत नाही. पाऊस पडला की उकिरड्यावर पडलेले डांगराचे बी आपोआप उगवते, वेल छपरावर चढतो, वाल कुडाला धरून वर जातो, अंबाडी आणि चवळी कुणाला न विचारता वाढतात. परीक्षा सुरू होते फेब्रुवारीत आणि ती मृगापर्यंत चालते. तापीच्या खोऱ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, सातपुड्यातले झरे आटतात, बाजारात पालेभाजी महागते. ज्या घरात भाकरी, डाळ आणि मिरचीच्या ठेच्यापलीकडे ताटात आधीच फार काही नसते, तिथे भाजी मग आठवडे बाजाराच्या दिवसापुरती उरते. तेव्हा कमी खर्चात परस सुधारायला निघालेल्याने बी-बियाण्याच्या पुड्या घेण्याआधी एकच गोष्ट ठरवावी: एप्रिलमध्ये पाणी कुठून आणायचे?

ते पाणी बहुतेक घरांच्या मागून वाहतच असते. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज 55 लिटरचे आहे. पाच माणसांच्या घराला 275 लिटर. त्यातले पिण्या-रांधण्यात जाते ते थोडे. आंघोळ, भांडी आणि धुणे मिळून दीडशे लिटर तरी मोरीतून बाहेर पडते. आता वाफ्याची गरज पाहू. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी साचवायचे तर बरोबर एक लिटर लागतो. मेच्या उन्हात भाजीच्या वाफ्याला दिवसाला सात-आठ मिलिमीटर लागतात असे धरले, तर दहा चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण शंभर चौरस फुटांच्या वाफ्याला रोज 70 ते 80 लिटर पुरतात. मोरीच्या पाण्यावर असे दोन वाफे उन्हाळा काढतात. ज्या पाड्यावर बाया डोक्यावर हंडे आणतात, तिथे हा आकडा निम्म्याहून खाली येईल. तिथे अर्धाच वाफा धरावा, पण धरावा.

मोरीचे पाणी जसेच्या तसे झाडाला सोडू नये. त्यात खरकटे, तेलकटपणा आणि साबण असतो. मोरीच्या तोंडाशी एक फुटका ड्रम किंवा जुने घमेले बसवून, बुडाला भोके पाडून, त्यात खाली मोठे गोटे, वर खडी आणि त्यावर जाड वाळू भरली की खरकटे अडते. सगळ्यात वर मूठभर वाळके गवत ठेवायचे आणि आठवड्याला ते काढून खताच्या ढिगावर टाकायचे. पुढे चार-पाच फुटांचा उथळ चर काढून त्यात कर्दळ आणि अळू लावले की बरेचसे पाणी तिथेच निवळते. या चराच्या टोकाला केळी, पपई, आणि मांडवावर चढणारे गिलके किंवा दुधी. कच्ची खायची कोथिंबीर, पालक, मुळा यांना हे पाणी देऊ नये. त्यांच्यासाठी रोज एखादी बादली चांगले पाणी वेगळे काढावे.

धुण्याच्या पाण्याबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. कपड्यांच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात, आणि काळ्या मातीला सोडियम मानवत नाही. चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात, जमीन ओली असताना चिकट आणि वाळली की दगडासारखी होते. धुण्याचे पाणी रोज एकाच जागी न सोडता केळी, शेवगा आणि कुंपणाची झुडपे यांच्यात फिरवत राहावे. पावसाळा आला की साचलेले क्षार थोडेफार धुऊन जातात.

जिल्ह्याच्या दोन जमिनींचा फरक इथे लागतो. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे सहा तालुके आहेत. पण परसाच्या दृष्टीने त्याचे दोनच भाग पडतात. शहादा, तळोदा, नंदुरबार यांचा तापीकाठचा पट्टा खोल काळ्या मातीचा. अक्राणी आणि अक्कलकुव्याचा डोंगरी भाग मुरमाड, उताराचा, पातळ मातीचा. नवापुरात दोन्ही भेटतात. सांडपाण्यासाठी सगळीकडे शोषखड्डा सुचवला जातो. नांदेड पॅटर्न नावाने प्रसिद्ध झालेला चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगड, ही रचना मुरमात उत्तम चालते. काळ्या मातीत मात्र ती पहिल्या पावसातच फुगलेल्या चिकणीने गुदमरू शकते. काळ्या जमिनीत पाणी जिरवण्यापेक्षा झाडांकडून पिऊन घेणे सोपे. केळीचा एक ताटवा हाच तिथला शोषखड्डा. पाणी साचले नाही की डासही कमी होतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याला हिवतापाचा त्रास ज्यांनी भोगला आहे त्यांना त्याचे महत्त्व सांगायला नको.

पाणी वाचवण्याच्या साधनांत माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित साधन माठ आहे. झिलईच्या झगमगाटात न पडता, साधा, बिनझिलईचा, पाझरणारा माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा, पाण्याने भरायचा, तोंडावर कौलाचा तुकडा ठेवायचा आणि भोवती दीड-दोन हातांच्या आत चार वेल लावायचे. चीनमध्ये इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात फान शंगची यांनी लिहिलेल्या शेतीच्या ग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे. ती टिकली, कारण तिला वेळापत्रक लागत नाही. भोवतालची माती कोरडी झाली की ती माठाच्या छिद्रांतून पाणी ओढते; माती ओली असली की ओढ थांबते. वरचा थर कोरडाच राहत असल्याने तण कमी उगवते आणि उन्हात उडून जाणारे पाणीही वाचते. दोन अडचणी येतात. जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात, म्हणून पुरण्याआधी भरून रात्रभर ठेवावा. सकाळी बाहेरून घाम फुटलेला दिसला तरच तो कामाचा. बोअरच्या जड पाण्याने चांगला माठही वर्ष-दोन वर्षांत मंदावतो. मग काढून, आतून-बाहेरून घासून पुन्हा पुरावा. उन्हाळ्याच्या शेवटी घरोघरी जुने माठ टाकून दिले जातात, त्यातले पाझरते निवडून ठेवावेत.

मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात आदिवासी शेतकऱ्यांनी सलाईनच्या रिकाम्या बाटल्या टांगून ठिबक केले, त्याचे बरेच कौतुक झाले. कल्पना छान आहे. बाटल्या मात्र दवाखान्यातून आणू नयेत, त्या कचऱ्याची विल्हेवाट वेगळी लावायची असते. थंड पेयाची बाटली उलटी करून, झाकणाला सुईने भोक पाडून आणि बूड कापून तेच काम होते. एका पपईच्या रोपाला, एका शेवग्याला ती पुरते. वाफाभर बाटल्या टांगून त्या रोज भरत बसणे मात्र कुणाकडून होत नाही.

डोंगरी पाड्यांवर परस सपाट नसतेच. तिथे पहिल्या पावसाला वरची माती खाली उतरते आणि खताचे श्रमही तिच्याबरोबर जातात. यावर उपाय समपातळीवर दगडांची रांग, आणि ती आखायला अभियंता लागत नाही. पाणलोटाच्या कामात ए-फ्रेम म्हणतात ते साधन घरी अर्ध्या तासात होते. सारख्या लांबीचे दोन बांबू वर एकत्र बांधायचे, पाय साधारण सहा फूट फाकवायचे, मध्ये आडवी काठी बांधायची आणि वरच्या गाठीपासून दोरीने एक दगड लोंबता सोडायचा. आता दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा. मग पाय उलटसुलट करा, म्हणजे डावा उजव्याच्या जागी, आणि दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे सपाटी. दोरी त्या मध्यावर आली की दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत असे समजायचे. तिथे खुंटी ठोकायची, एक पाय तसाच ठेवून दुसरा पुढे फिरवायचा. अशा खुंट्यांची रांग उतारावर वाकडीतिकडी दिसते, पण पाण्याच्या नजरेने ती सरळ असते. त्या रेषेवर गुडघ्याच्या निम्म्या उंचीचा दगडी बांध रचला, दगडांच्या फटीत गवती चहा लावला, की दोन पावसाळ्यांत बांधामागे माती साठून आपोआप वाफा तयार होतो. दगड परसातच पडलेले असतात. या जिल्ह्यात परसासाठी करण्याजोगे एकच काम कोणते असे कुणी विचारले, तर डोंगरी भागासाठी मी हेच सांगेन.

सपाट जागेवर गोल परसबाग लोकप्रिय झाली आहे. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, म्हणजे उमेदच्या बचतगटांतल्या बायकांनी ती गावोगाव केली. मध्ये खड्डा, त्यात सांडपाणी आणि काडीकचरा, खड्ड्याभोवती केळी-पपई, आणि बाहेर पाकळ्यांसारखे सात वाफे, आठवड्याच्या एकेका दिवसाचे. आफ्रिकेतल्या लेसोथोमध्ये याच्याच जवळची रचना दिसते: गोल उंच ओटा, मध्ये कचऱ्याची टोपली, आणि टोपलीपर्यंत जायला एक चिंचोळी वाट. दोन्हींचे मर्म एकच. पाणी आणि खत मध्ये पडते आणि तिथून कडेला पसरते, चालायची वाट ठरलेली असल्याने वाफ्यावर पाय पडत नाही, माती दाबली जात नाही. सात वाफ्यांचा आग्रह मात्र मला पटत नाही. परसाचा आकार गोल असतो असे नाही; लांबट चिंचोळ्या बोळात सात वाफे कोंबण्यापेक्षा भिंतीकडेने एक लांब वाफा घातलेला बरा.

मांडव. खानदेशात परसाला मांडवाशिवाय शोभा नाही, आणि उन्हाळ्यात तर तो भाजीपेक्षा सावलीसाठी लागतो. घराच्या पश्चिमेकडे, भिंतीपासून हातभर अंतर सोडून मांडव घातला आणि त्यावर जानेवारीत लावलेले गिलके किंवा दुधी चढले, तर एप्रिल-मेमध्ये दुपारचे ऊन भिंतीवर पडत नाही. पत्र्याच्या घरातला फरक हाताने भिंत चाचपूनही कळतो. मांडवाखाली, विरळ सावलीत, कोथिंबीर आणि मेथी तग धरतात. उघड्यावर त्या करपल्या असत्या.

मांडवासाठी बांबू हवा, आणि तो सातपुड्यात मिळतो: भरीव माणवेल आणि काटेरी कटांग. 2017 साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडण्याची धास्ती उरली नाही. खरा शत्रू भुंगा. ताज्या बांबूत पिष्ट असते आणि भुंग्याला तेच हवे असते, म्हणून काही महिन्यांत पिवळी भुकटी पडू लागते. हिवाळ्यात तोडलेला, निदान तीन वर्षांचा पक्का बांबू घ्यावा आणि दोन-तीन आठवडे नाल्याच्या किंवा तळ्याच्या पाण्यात बुडवून ठेवावा. पाण्यात पिष्ट आणि साखर उतरून जातात. पाण्याला वास येतो, पण बांबू वाचतो. अधिक टिकवायचा तर 100 लिटर पाण्यात 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक ऍसिड घालून त्या द्रावणात भिजवतात. हे चार घरांनी मिळून केले तर परवडते, आणि उरलेले द्रावण विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतायचे नसते. जमिनीत जाणारे टोक मात्र काहीही केले तरी आधी कुजते. ते थोडे जाळून काळे करावे आणि मातीऐवजी खडीत रोवावे, म्हणजे पाणी साचणार नाही.

कुंपणाबाबत काही बोलण्याआधी शेळीची आठवण ठेवावी. शेळ्या-कोंबड्या या घरांचे रोख उत्पन्न आहे, त्यांना बांधून बाग करायची नाही. तुराट्या किंवा पऱ्हाट्यांची विणलेली कुपाटी एक हंगाम काढते. तेवढ्यात तिच्याच आत निरगुडीच्या आणि अडुळशाच्या फांद्या पावसाळ्याच्या तोंडावर रोवल्या तर दुसऱ्या वर्षी जिवंत कुंपण उभे राहते. या दोन्हींना शेळी तोंड लावत नाही. मोगली एरंडही शेळी खात नाही, पण त्याच्या बिया विषारी असतात आणि मुले त्या शेंगदाण्यासारख्या खातात. लहान पोरे असलेल्या घराने तो लावू नये.

खताचे शास्त्र महाराष्ट्राला शिकवायला बाहेरून कुणाला यावे लागले नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावावरून नाडेप पद्धत देशभर गेली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत जागोजागी भोके ठेवलेले विटांचे टाके. आत काडीकचऱ्याचे, शेणकाल्याचे आणि मातीचे आळीपाळीने थर. जेमतेम शंभर किलो शेणात तीन-चार महिन्यांत तीन टनांच्या आसपास खत मिळते. भोकांना महत्त्व आहे, कारण हवेशिवाय कचरा सडतो, कुजत नाही, आणि दोन्हींचा वास अगदी वेगळा असतो. परसाला एवढे मोठे टाके नको. तुराट्यांची तीन फूट लांब-रुंद-उंच जाळी विणली की भोके आपसूकच मिळतात. वाळला पाला आणि ओला कचरा यांचे प्रमाण घमेल्याने मोजावे: वाळल्याचे दोन-तीन, ओल्याचे एक. ढीग ओला असावा, पण मूठ आवळली तर पाणी निथळू नये. नंदुरबारमध्ये मिरचीचा बाजार मोठा. देठ आणि मिरचीचा कचरा खतात चालतो, फक्त थोडा थोडा टाकावा.

मिरचीवरून आठवले. परसात दहा झाडे मिरचीची असतातच, आणि पाने आकसून वळली, चुरडा-मुरडा आला, की औषध आणायला दुकानात धाव घेतली जाते. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांचा तो उद्योग; पांढरी माशी विषाणूही पसरवते आणि विषाणू लागलेले झाड बरे होत नाही. ते उपटून टाकावे. बाकीच्यांसाठी जूनमध्ये निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवाव्या. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून फवारली की पाच टक्क्यांचा अर्क होतो. पिवळ्या रंगाच्या डब्याला एरंडेल चोपडून काठीवर टांगले की पांढरी माशी आणि मावा त्याला चिकटतात. त्याने कीड संपत नाही, पण किती आहे ते कळते.

नंदुरबार आणि शहाद्याच्या वसाहतींत, जिथे परस म्हणजे फरशीचा तुकडा, तिथे खताच्या रिकाम्या गोण्या वापरतात. हळद, आले, वांगी गोणीत चांगली येतात. गोणीचे प्लॅस्टिक मात्र आपल्याकडच्या उन्हात एक-दोन वर्षांत भुगा होऊन मातीत मिसळते. गोणीला बाहेरून जुने लुगडे किंवा गवत गुंडाळावे आणि भुगा व्हायच्या आत ती बदलावी. पैसे असतील तर सिमेंटची कुंडीच घ्यावी.

बियाण्याच्या बाबतीत हा जिल्हा गरीब नाही. अक्राणी तालुक्यातल्या धडगाव परिसरात मक्याच्या आणि ज्वारीच्या स्थानिक वाणांच्या जतनाचे काम बायफ संस्थेने गावकऱ्यांबरोबर केले आहे. याच संस्थेच्या संपर्कात आलेल्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांची बियाणे बँक परसातूनच वाढली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. परसातले वाल, गिलके, डांगर यांचे बी धरायला सोपे आहे: पहिल्या बहरातले चांगले फळ वेलावरच पिकू द्यायचे, बी राखेत घोळून कोरड्या डब्यात ठेवायचे. विकतच्या संकरित बियांचे पुढचे पीक तसेच येत नाही, म्हणून ते धरू नये. रोपे आणि सल्ला हवा असेल तर कोळद्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे.

या सगळ्यात एक गोष्ट बहुतेक पत्रकांत सुटते. अक्राणी-अक्कलकुव्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर उसाच्या तोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात, ती होळीला किंवा त्याहून उशिरा परततात. घराला कुलूप असताना पालकाचा वाफा जगणार कसा? अशा घरासाठी परसबागेचा अर्थ बदलतो. शेवगा, कढीपत्ता, हादगा, लिंबू, पेरू ही झाडे आधी लावावीत. शेवग्याची मनगटाएवढी फांदी पावसाळ्याच्या तोंडावर रोवली तरी जगते. दरवर्षी छातीच्या उंचीवर छाटली की पाला हाताशी येतो, आणि शेवग्याचा पाला लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वासाठी चांगला आहे. पहिले वर्ष जगवायला झाडाशेजारी पुरलेला माठ आणि आळ्यात वीतभर पाल्याचे आच्छादन, आणि शेजारची म्हातारी मागे राहिली असेल तर आठवड्याला दोन हंडे. परत येणाऱ्या घराला मार्चमध्ये शेंगा मिळाल्या तर ती बाग जमली असे म्हणावे.

परसबागांच्या स्पर्धा घेणाऱ्या यंत्रणांना म्हणून एक सूचना. नोंदणी खुशाल जूनमध्ये करा, बियांची पाकिटेही वाटा. पण परीक्षणाला याल ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात या, आणि बक्षीस त्या घराला द्या ज्याच्या मोरीमागे तेव्हा काहीतरी हिरवे असेल.